दोनशे तीस टक्क्यांची संध्याकाळ

दिनांक: १४ मे, गुरुवार

प्रति,
मा. अधीक्षक,
उद्याने व मोकळ्या जागा विभाग,
तळमजला, खिडकी क्र. ३ च्या आतील दालन

विषय: तळ्याकाठच्या मैदान क्र. २ वरील कथा-गायन-नृत्याच्या पाचव्या व शेवटच्या संध्याकाळवरील स्थगिती उठवून, तिन्ही गोष्टी एकाच वेळी करू देण्याबाबत.

संदर्भ: १) माझा दि. ६ मार्चचा अर्ज (चुकीचा)
२) आपला दि. २३ मार्चचा परवाना (माझ्या अर्जाप्रमाणे अचूक)
३) आपली दि. ११ मेची स्थगितीची नोटीस

महोदय,

१. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर असून तराजू व मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षापासून कामाला आहे. माझी मावशी एकोणीस वर्षे मैदान क्र. २ वर दरवर्षी पाच शनिवार, सायंकाळी सहा ते आठ, एक लांब भारतीय कथा पाच भागांत सांगते. सांगता सांगता ती गाते आणि गाता गाता उठून नाचते. साथीला एकच मृदंग असतो. तो वाजवणारे गृहस्थ बाकीचे सहा दिवस दंतवैद्य आहेत. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. लोक आपापल्या सतरंज्या घेऊन येतात, ऐकतात आणि जातात. याखेरीज या कार्यक्रमात काहीही नाही, असे मी मार्च महिन्यापर्यंत समजत होते.

२. आपल्या विभागाच्या छापील अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना आहे. अठरा वर्षे मावशीने त्यात 'गोष्ट' एवढा एकच शब्द लिहिला आणि अठरा वर्षे दोन दिवसांत परवानगी मिळाली. यंदा तिच्या चष्म्याची काच बदलायची होती म्हणून अर्ज मी भरला. त्या वेळी माझ्या लक्षात आले की रकान्याखाली बारीक अक्षरांत 'तपशीलवार' असे छापलेले आहे. अठरा वर्षे ही सूचना पाळली गेली नव्हती, हे मला सहन झाले नाही. मी गेल्या वर्षीच्या एका संध्याकाळचे चित्रीकरण घेतले. एकशेवीस मिनिटे, म्हणजे सात हजार दोनशे सेकंद. संगणकावर कथा, गायन आणि नृत्य अशा तीन कळा ठरवल्या आणि प्रत्येक सेकंदाला त्यांपैकी एक दाबली. यात दोन रविवार गेले. उत्तर आले ते असे: कथा ४१ टक्के, गायन ३३ टक्के, नृत्य २६ टक्के. बेरीज बरोबर शंभर आल्यामुळे मला फार आनंद झाला. मी तीन रंगांचा वर्तुळालेख काढून अर्जाला जोडला.

मावशी तेव्हा म्हणाली होती, "अगं, गोष्ट लिही की. एवढं वर्तुळ कशाला?" मी तिला म्हणाले, "मावशी, तपशीलवार मागितलंय." हे संभाषण मी मुद्दाम नोंदवत आहे, कारण पुढे जे झाले त्यात ते एकमेव शहाणपणाचे वाक्य आहे आणि ते माझे नाही.

३. आपल्या विभागाने माझी टक्केवारी जशीच्या तशी मान्य केली. परवान्यात नमूद झाले की सायं. ६.०० ते ६ वाजून ४९ मिनिटे १२ सेकंदांपर्यंत कथा सांगावी, त्यानंतर ७ वाजून २८ मिनिटे ४८ सेकंदांपर्यंत गावे आणि उरलेल्या वेळात नाचावे. हिशेबात एका सेकंदाचाही दोष नाही. तो मी तपासला आहे. खिडकीवरच्या कारकून बाई मला म्हणाल्या, "इतका स्वच्छ अर्ज आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय. साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला." त्या दिवशी मी घरी उड्या मारत गेले. मावशीने परवाना वाचला, उलटा करून पाहिला आणि विचारले, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मी म्हणाले, "ऑफिसच्या." महोदय, ही माझी दुसरी चूक. तिच्याकडे मी परिच्छेद ९ मध्ये येते.

४. पहिली संध्याकाळ (१८ एप्रिल). यंदाच्या कथेत एका गावाचा प्रतिध्वनी हरवतो. डोंगराकडे तोंड करून कितीही ओरडले तरी उलट उत्तर येत नाही. कुंभाराची मुलगी तो शोधायला निघते. मावशीने ही कथा स्वतःच्या दोन्ही तळहातांवर बसून सांगितली, कारण हात मोकळे राहिले की ते नाचू लागतात. डॉक्टरकाकांना मृदंगाऐवजी दोन उशा धरायला दिल्या होत्या. मुलगी आईचा निरोप घेते आहे, आई तोंड उघडते आहे, एवढ्यात मैदानाच्या निरीक्षकांनी शिट्टी वाजवली. ४९ मिनिटे १२ सेकंद झाले होते. तेथून पुढे सगळी गाणी ओळीने झाली. निरोपाचे गाणे, सापाचे गाणे, आणि मुलगी रानात वाट चुकते त्याचे गाणे. ती कोण कुणाला म्हणतो आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. पुढच्या सतरंजीवरच्या आजोबांनी मोठ्याने विचारले, "आता हे कोण रडतंय? आई की साप?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "गप्प बसा, साप कशाला रडेल?" शेवटची एकतीस मिनिटे मावशी एकही शब्द न बोलता नाचली. डोंगर चढण्याचा जो प्रसंग आहे तो पाहून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "खिडक्या पुसतेय वाटतं." "नाही गं, शिडीवर उभी आहे." "मग वरच्या खिडक्या पुसतेय."

मी हे शास्त्रशुद्ध रीतीने सोडवायचे ठरवले. पुढच्या शनिवारसाठी एक तक्ता छापला: 'गाणे क्र. ३ ऐकताना प्रसंग क्र. ७ आठवावा, नृत्य क्र. २ पाहताना दोन्ही.' एकशेसाठ प्रती वाटल्या. मावशीने आपली प्रत डासांना हाकलायला वापरली.

५. दुसरी संध्याकाळ (२५ एप्रिल). या वेळी कथा सांगताना मावशीने हात हलवले नाहीत, पाय हलवले नाहीत, मानही हलवली नाही. निरीक्षकांच्या नोंदवहीत तरीही पुढील नोंद आहे, ती मी शब्दशः देते: 'कथाकथनाच्या वेळेत उजवी भुवई चौदा वेळा वर गेली. नृत्य असल्याचा संशय.' आपल्या विभागाने खुलासा मागवला. मी तो दिला. चित्रीकरणावरून मोजले असता भुवईची हालचाल सरासरी सहा मिलिमीटर भरली. नृत्याला ठेका लागतो, भुवईला ठेका नव्हता, सबब ते नृत्य नव्हे, असा माझा युक्तिवाद होता. तो टिकला असता. पण खुलासा घेऊन मी मैदानावर निरीक्षकांना भेटले तेव्हा डॉक्टरकाका शेजारी उभे होते आणि त्यांच्यातला कलावंत दुखावला. "ठेका नव्हता? भुवई दर वेळी बरोबर समेवर येत होती! चौदाच्या चौदा वेळा! मी एकोणीस वर्षं वाजवतोय, मला सांगता?" निरीक्षकांनी 'संशय' हा शब्द खोडून 'खात्री' असा केला.

६. तिसरी संध्याकाळ (२ मे). मावशीने कपाळावर भुवया झाकतील अशी रुंद पट्टी बांधली. सहा जणांनी येऊन "फार लागलं का हो?" असे विचारले. भुवयांची वाट बंद झाल्यावर जे काही होते ते तिच्या आवाजात गेले. कुंभाराच्या मुलीला पहिल्यांदा विहीर दिसते तेव्हा मावशी नुसते "अगं बाई" म्हणाली, पण ते असे म्हणाली की मागच्या रांगेतली माणसे विहीर पाहायला उठून उभी राहिली. निरीक्षक माझ्याजवळ आले. "ताई, हे 'अगं बाई' बोलण्यात धरू की गाण्यात?" माझ्याजवळ स्वर मोजण्याचे छोटे यंत्र होते (ते तिथे का होते, हे विचारू नये). मी मोजले. ते दोन शब्द पाच स्वरांतून जाऊन आले होते. मी प्रामाणिकपणे सांगितले की हे सीमारेषेवर आहे. त्यांनी तत्परतेने नोंदवहीत 'सीमारेषेवर' असा नवा रकाना आखला आणि आठ वाजेपर्यंत तो पान भरून दुसऱ्या पानावर गेला. हे काम त्यांना आवडू लागले होते, असे माझे निरीक्षण आहे. दर पाच मिनिटांनी ते मान डोलावत होते आणि मान डोलावली की स्वतःचीच नोंद करावी का, अशा पेचात पडत होते.

७. चौथी संध्याकाळ (९ मे). आता मुख्य गुन्हा. तीन आठवडे गोष्ट एका ठिकाणी, गाणी दुसऱ्या ठिकाणी आणि नाच तिसऱ्या ठिकाणी असे मिळाल्यावर प्रेक्षकांनी ते आपापसांत जुळवायला सुरुवात केली. यात माझ्या तक्त्याचा काही हात असेल तर मी तो नाकारत नाही. मावशी तळहातांवर बसून सांगत होती, की मुलगी दोर धरून विहिरीत उतरू लागली. त्या जागी गाणे हवे होते. ते साडेसातच्या आत कधीतरी येणार हे सगळ्यांना माहीत होते. पण तेवढा धीर कुणाला निघेना आणि एकशेसाठ माणसे तोंड मिटून गुणगुणू लागली. तोंड कुणाचेच उघडे नव्हते, त्यामुळे कोण गात आहे हे सांगता येत नव्हते. निरीक्षक एकेका सतरंजीपाशी वाकून कान लावत गेले. ते पोचले की ती सतरंजी गप्प व्हायची आणि मागची सुरू व्हायची. एक आजीबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, माझं तोंड बंद आहे. आतून येतंय त्याला मी काय करू?" त्यावर हशा सुरू झाला. मावशी हसली, डॉक्टरकाकांच्या हातून उशी पडली, आणि शेवटी निरीक्षकांनी शिट्टी तोंडात धरून हसल्यामुळे ती बारीक आवाजात बराच वेळ वाजत राहिली.

हशा थांबला तेव्हा गोष्टीची फक्त दोन मिनिटे उरली होती. मावशीने सांगितले: मुलगी दोराच्या टोकाला पोचली, खाली काळे पाणी होते, तिने हाक मारली, आणि खालून उत्तर आले. पण ते तिच्या आवाजात नव्हते. एवढ्यात ४९ मिनिटे १२ सेकंद झाले.

८. आपली दि. ११ मेची नोटीस याच संध्याकाळबद्दल आहे. तीत म्हटल्याप्रमाणे प्रेक्षकांचे गुणगुणणे नऊ मिनिटे झाले, ज्यास परवाना नाही. आणि हशा अकरा मिनिटे झाला, जो कथा, गायन व नृत्य यांपैकी कोणत्याही सदरात बसत नाही. सबब मंजूर शंभर टक्क्यांपेक्षा १६.६७ टक्के जादा कार्यक्रम झाल्याचे आढळले असून पाचव्या संध्याकाळस स्थगिती देण्यात येत आहे. भागाकार बरोबर आहे. हशाची परवानगी आगाऊ मागावी, या आपल्या सूचनेबद्दल मी आभारी आहे. मात्र त्यासाठीच्या अर्जात 'अपेक्षित हशा, मिनिटांत' असा रकाना भरणे मला जमलेले नाही. मी तीन रात्री प्रयत्न केला.

९. महोदय, नोटीस आली त्या संध्याकाळी मावशीने घुंगरू सोडवून जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावले. ती म्हणाली, "मी गोष्ट सांगते. पार्सल पाठवत नाही. आज धड, उद्या डोकं, परवा हातपाय, असं कुणी माणसाला भेटायला जातं का? झालं माझं." मी म्हटले, एकच शनिवार राहिला आहे. ती म्हणाली, "मग तो तुझ्या त्या साहेबालाच सांगू दे. त्याला घड्याळ कळतं." सोमवारपासून हिरवळीच्या दुरुस्तीसाठी मैदान पावसाळा संपेपर्यंत बंद होत आहे. शनिवारी, दि. १६ रोजी, कथा पुरी झाली नाही तर ती अर्धीच राहील, आणि अर्धी गोष्ट डब्यात ठेवून मावशी पुढच्या वर्षी नवी सुरू करणारी बाई नाही. ती पुन्हा मैदानावर येणार नाही. हे मला तिच्या बोलण्यापेक्षा डब्याच्या झाकणावरून कळले.

चार आठवडे ती आपल्याला घरात 'फुटपट्टीसाहेब' म्हणत आहे. त्याहून वाईटही म्हणते. ते येथे देत नाही. मी प्रत्येक वेळी मान हलवून साथ दिली. टक्केवारी माझी होती, हे मी तिला सांगितलेले नाही. प्रयोगशाळेत आम्ही दुसऱ्यांच्या तराजूवर 'सदोष' असा शिक्का मारतो. तो स्वतःवर मारायला किती जड जातो, याचे वजन अजून कुणी केलेले नाही.

१०. म्हणून मी मंगळवारी मापन पुन्हा केले. डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर, तेच चित्रीकरण पुन्हा लावले. फरक इतकाच की या वेळी तीन माणसे बसलो. कथा चालू आहे की नाही एवढेच मी पाहायचे. गाणे चालू आहे की नाही एवढेच डॉक्टरकाकांनी ऐकायचे. नृत्य मोजायला एक तिसरे गृहस्थ दातांच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. "मी ड्यूटीवर नाही, आणि मी इथे आलेलोही नाही," असे त्यांनी येताच सांगितले. त्यांची ओळख गुप्त ठेवण्याचे मी वचन दिले आहे, मैदान क्र. २ ला निरीक्षक एकच आहेत, एवढे आपण कृपया विसरावे. हे गृहस्थ मधूनच ओरडत होते, "बोट! बोट नाचलं! धरा!" एकदा त्यांनी मावशीचे नुसते थांबणेही नृत्यात धरले. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "ताई, चार शनिवार मी दुसरं काही पाहिलेलं नाही. ती थांबते तेव्हा सगळ्यात जास्त नाचते." मी तो सेकंद पंधरा वेळा पाहिला आणि हरकत मागे घेतली.

सुधारित निष्कर्ष असा. एकशेवीस मिनिटांपैकी कथा ११४ मिनिटे, गायन ७२ मिनिटे, नृत्य ९० मिनिटे. म्हणजे कथा ९५ टक्के, गायन ६० टक्के, नृत्य ७५ टक्के. बेरीज २३० टक्के.

ही बेरीज मी चार वेळा केली. पहिल्या मापनात यंत्राचा दोष नव्हता. कळा तीन होत्या, पण बोट एकच होते. मी एका बोटाने मोजले म्हणून मावशी एका वेळी एकच काम करते असे निघाले. तिने गेल्या वर्षीच्या कथेतल्या रडणाऱ्या आईचे गाणे म्हणत असताना हाताने मुलीचे केस विंचरले होते आणि डोळ्यांनी वाट दाखवली होती. मी त्या सेकंदाला 'गायन' असे लिहून पुढे गेले होते.

११. तरी विनंती की:

(अ) माझा दि. ६ मार्चचा अर्ज, वर्तुळालेखासह, रद्द समजावा. साहेबांनी तो इतरांना दाखवला असल्यास चुकीचा नमुना म्हणून दाखवत राहण्यास माझी हरकत नाही.

(आ) शनिवार, दि. १६ मे रोजी सायं. ६ ते ८ या वेळेत एकूण २३० टक्के कार्यक्रमास परवानगी मिळावी. छापील अर्जात शंभरावर आकडा लिहिण्यास जागा नाही, हे मला माहीत आहे. 'स्वरूप' या रकान्यात मी एकच शब्द लिहिला आहे. तो मावशीचा आहे आणि पुरेसा तपशीलवार आहे, असे मी शास्त्रीय जबाबदारीने लिहून देते.

(इ) हशा व गुणगुणणे प्रेक्षकांकडून येते. ते आमच्या ताब्यात नाही. त्याची जबाबदारी मी घेते, मोजमाप मात्र घेणार नाही.

(ई) परिच्छेद १० मधील तिसऱ्या गृहस्थांवर कारवाई होऊ नये. खालून उत्तर कुणी दिले हे कळेपर्यंत त्यांना रजाही देऊ नये. ते शनिवारी ड्यूटीवर असणे त्यांना स्वतःला हवे आहे.

१२. हा अर्ज उद्या सकाळी खिडकी उघडताच दाखल होईल. त्याआधी आज मी तो मावशीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे, परिच्छेद ९ सुद्धा. खाली तिच्या शेऱ्यासाठी जागा सोडली आहे. ती कोरी दिसली तर हा अर्ज मागे घेतला असे समजावे, कारण मग परवानगी घेऊन मैदानावर उभे राहायला कुणी नसेल.

आपल्या नोंदीतील अठरा वर्षांचा दोन दिवसांचा शिरस्ता यंदा एका दिवसावर आणावा लागेल, याबद्दल क्षमा मागते आणि दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहते.

आपली नम्र, आणि यापुढे तीन बोटांनी मोजणारी,

(स्वाक्षरी)
अर्जदार, कथाकार बाईंची भाची

सोबत: १) सुधारित मापनाचा तक्ता (तीन रकाने, एकमेकांवर आलेले). २) दि. ६ मार्चचा वर्तुळालेख, त्यावर 'सदोष' असा शिक्का मारून. ३) एकशेसाठ प्रेक्षकांपैकी एकशेबेचाळीस जणांच्या सह्या, उरलेले अठरा जण सही करायला आले होते, पण गोष्टीबद्दल बोलत उभे राहिले आणि तसेच घरी गेले.

शेरा (मावशीच्या हस्ताक्षरात):

साहेब, पोरीने सगळं वाचून दाखवलं. दोनदा वाचावं लागलं, पहिल्यांदा नववा गाळून ती थेट दहाव्यावर गेली. तुम्हाला चार आठवडे जे जे बोलले ते सगळं चुकीच्या पत्त्यावर गेलं, माफ करा. शनिवारी मी येते आहे, डबा उघडलाय. कागद वेळेत द्या म्हणजे झालं. हिला मात्र मी सोडणार नाहीये. पण ते रविवारी. तोवर आवाज जपायचाय.